दारातली सायकल

निपाणी, ९ एप्रिल १९८५

ती. शेवंताआक्का हिला,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला टाकशील, हे धरूनच लिहिते आहे. म्हणून कल्लाप्पामामाला वेगळं कार्ड टाकलं आहे : आक्कानं वाचलं नाही तरी परत पाठवू नका, तिच्या चुलीमागच्या फळीवर ठेवा. नऊ वर्षं आपण बोललो नाही. एक पत्र फळीवर पडून राहिलं तर काही बिघडत नाही.

बातमी अशी, की मी हॉलंडला चालले आहे. सायकल चालवायला. हसू नकोस.

तिकडची काही मंडळी दरवर्षी आपल्या भागातल्या कुष्ठरोग्यांसाठी सायकली काढतात. देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जायचं, आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी मैलामागे काही द्यायचं. त्यातून आमच्या दवाखान्याला औषधं येतात. आता नवीन औषध निघालं आहे, लाल कॅप्सूल. तुला सहा वर्षं गोळ्या खाव्या लागल्या, ते आता दोन वर्षांत उरकतं. ह्या वर्षी त्यांनी कळवलं, की तुमच्याकडं गावोगाव सायकलवर फिरून रोगी शोधणारी एखादी बाई असेल तर तिला आमच्याबरोबर पाठवा. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या बायकांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "सुलाबाई, तुम्हीच." निवड म्हणजे काय, बाकीच्या दोघींना सायकलच येत नाही.

तेव्हापासून निपाणीत मला रस्त्यानं चालू देत नाहीत. गुंडू मिस्त्री तर दुकानातून ओरडतो, "सुलाबाई, तिकडं पंक्चर झालं तर तार करा, इमानानं येतो." काल मी म्हटलं, "तू ये रं, पण आधी माझा मागचा ब्रेक नीट कर." तर म्हणतो, "ब्रेक कशाला? तिकडं समदं सपाट हाय म्हणं."

तुझ्या गौतमीचं लग्न ठरल्याचं मामानं सांगितलं. मुलगा बेळगावात हायस्कुलात शिकवतो, हेही सांगितलं. दिवाळीनंतर उडवायचं ठरलं आहे, हे मात्र मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तुझी परवानगी नसावी. मला बोलवावंस म्हणून हे लिहीत नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, की सगळं सुरळीत आहे ना. मुलाकडच्यांनी काही विचारलं नाही ना.

माझ्याकडं तुझा एक फोटो आहे. सदलग्याच्या घराच्या पडवीतला. तू उन्हाकडं तोंड करून हसते आहेस, मांडीवर सूप आहे. कुणी काढला होता ते आता आठवत नाही. तो घेऊन चालले आहे.

तुझी,
सुला


निपाणी, २६ मे १९८५

ती. आक्कास जयभीम.

उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. तरी रोज पोस्टमन दिसला की मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहते आणि मग स्वतःलाच काहीतरी काम सांगते. काल रिकामी बाटली धुतली.

सकाळी तवंदीच्या घाटात सराव करते. वर जाताना उतरून ढकलावी लागते, खाली येताना मात्र पायडल सोडून देते. एकेचाळिसाव्या वर्षी बाई घाट उतरते म्हणून ट्रकवाले हॉर्न वाजवतात. बूट घेतले. पँटही शिवली, पण ती अजून ट्रंकेतच आहे. पासपोर्टच्या फोटोत मी आईसारखी दिसते.

आई गेली त्या दिवशी तू आली होतीस. तू पायथ्याशी बसलीस, मी उशाशी. मधे आई होती म्हणून बरं, नाहीतर बसायला जागा कुठं होती आपल्याला?

आक्का, सायकलवर बसलं की माझ्या डोक्यात सदलगाच येतो. त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. आता इतक्या लांब जायचं म्हणते, तर काय होईल कुणी सांगावं. म्हणून लिहिते.

चौऱ्याहत्तर साली सर्वेक्षण करत तुझ्या गल्लीत आले. घरोघर सगळ्यांचं अंग बघायचं, तसं तुझंही बघितलं. डाव्या गालावर, कानाच्या पुढं, रुपयाएवढा फिकट चट्टा. तू म्हणालीस उन्हानं झालाय. मी म्हटलं, डोळे मीट, मी पीस लावते, जिथं लागेल तिथं बोट ठेव. तू अंगणात पाट टाकून बसलीस, डोळे मिटलेस. मी एकदा पीस फिरवलं. दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा जरा दाबून. तू तशीच हसत बसलेली. मग म्हणालीस, "अगं सुरू कर की. किती येळ डोळं मिटून बसू?"

मी सातशेवर माणसांची तपासणी केली असेल तोवर. चौथ्यांदा पीस कुणावर फिरवलं नव्हतं, तुझ्यावर फिरवलं.

आमच्यात एक नियम आहे, तुला ठाऊक नसेल. रोग्याच्या दारात सायकल लावायची नाही. सायकलवर गोळ्यांची पत्र्याची पेटी असते, सगळी गावं ती ओळखतात. आम्हाला 'चट्ट्याची बाई' म्हणतात. म्हणून लांब, एखाद्या विहिरीपाशी नाहीतर झाडाखाली सायकल उभी करायची आणि आधी दोनचार भलत्या घरांत शिरून मग रोग्याच्या घरी जायचं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी स्वतः कितीजणांना शिकवलं.

आणि तुझ्या घरी मात्र मी सरळ दारात लावली. मला वाटलं, बहिणीच्या दारात बहिणीची सायकल, त्यात कुणाला काय दिसणार? उलट लांब लावली तरच संशय यायचा. इतका हुशार विचार केला मी. पण बहीण म्हणून मी रविवारी यायची, हातात केळी घेऊन. आणि गोळ्या द्यायला यायची महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, पेटी घेऊन. दोन वर्षं. तुझ्या शेजारणीनं महिने मोजले आणि तुझ्या सासूला विचारलं, "तुमच्या सुनंची भन दर पैल्या बेस्तरवारीच कशी येती वं?"

पुढचं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. सिद्रामदाजींनी तुझी ट्रंक बाहेर ठेवली तेव्हा मी तिथं नव्हते. तू गौतमीला घेऊन गुंजीला मामाकडं गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. तुझं गोळ्यांचं कार्ड मी लोंढ्याच्या केंद्रावर बदलून दिलं आणि तिथल्या यल्लाप्पाला सांगितलं, आमच्या आक्काच्या गोळ्या चुकवू नको. त्यानं चुकवल्या नाहीत. तू बरी झाल्याचा दाखला आला तो मी बघितला, त्याची नक्कल करून घेतली.

मी आले नाही. माझी सायकल आता आणखी एका दारात दिसायला नको, असं मी ठरवलं होतं. तुझ्याच भल्यासाठी, असंही.

येत्या ११ तारखेला मुंबईहून विमान आहे.

सुला


ग्रोनिंगन, हॉलंड, १४ जून १९८५

ती. आक्कास जयभीम.

पोहोचले. हे निळं कागदाचं पत्र इथल्या पोस्टात मिळतं, घडी घातली की तेच पाकीट. आठ दिवसांत तुझ्याकडं येईल म्हणतात.

पहिल्याच दिवशी पडले. इथल्या सायकलींना हातात ब्रेक नसतो. पायडल उलटं फिरवलं की चाक जागच्या जागी थांबतं. आपल्याला उतारावर उगीच उलटं पायडल मारायची सवय. मी मारलं, आणि सायकल थांबली, मी नाही. गुडघा फुटला. सगळेजण धावून आले. रीना म्हणून एक साठीची बाई आहे, मी तिच्या घरी उतरले आहे. तिनं रस्त्यातच बसून माझा गुडघा धुतला. मी दुसऱ्यांचे पाय धुते आक्का, बारा वर्षं. माझा कुणी धुतला की कुठं बघायचं ते कळत नाही.

गुंडूला सांग म्हणणार होते, पण तू कुठली निपाणीला जातेस. देश सपाट आहे हे खरं. घाट नाही, पण वारा आहे. समोरून येतो आणि हलतच नाही. घाटाला निदान शेंडा असतो, ह्या वाऱ्याला नाही. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन. घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत, रस्त्यावरून जाताना माणसं जेवताना दिसतात, भांडी घासताना दिसतात. मी रीनाला विचारलं, लाज नाही वाटत? ती म्हणाली, लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायची इथं पद्धत आहे. मग म्हणाली, "पण स्वयंपाकघर मागच्या बाजूला असतं."

एकूण चाळीस सायकली आहेत. पुढं यान नावाचा एक निवृत्त हेडमास्तर असतो, त्यानंच हे सगळं जमवलं आहे. आज सकाळी निघताना सगळ्यांना पाठीवर बांधायला पांढरं कापड दिलं. त्यावर चित्र छापलेलं आहे, लोकांना कळावं की सायकली कशासाठी.

मला आज पुढं लिहवत नाही. उद्या लिहिते.

सुला


१६ जून १९८५

आक्का,

गावाचं नाव नीट लिहिता येत नाही. एका शाळेच्या हॉलमध्ये आहोत. बाकीचे जेवायला गेले आहेत. मी गुडघा दुखतो असं सांगितलं.

त्या कापडावर तू आहेस.

तोच पडवीतला फोटो. सूप, ऊन, तुझं हसणं. गालावरचा चट्टा जरा उठून दिसेल असा छापला आहे. खाली नाव लिहिलं आहे, 'लक्ष्मी'. तू लक्ष्मी! यानला विचारलं, तर म्हणाला, खरी नावं आम्ही देत नाही. आता दोन दिवस झाले, मी रांगेत असते आणि माझ्यापुढं एक उंच माणूस सायकल चालवत असतो. त्याची पाठ म्हणजे तू. मी हळू केली तर तू लांब जातेस, आणि मागून दुसरी येतेस. चाळीस पाठींवर तू आहेस. एक माझ्याही पाठीवर आहे, तेवढी मला दिसत नाही.

फोटो कुणी काढला ते आठवत नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. खोटं लिहिलं. चांगलं आठवतं.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत इथल्या दोन बायका जीप घेऊन आल्या होत्या. त्यांना एका रोग्याचा फोटो हवा होता, पण बोटं झडलेला नको, हसरा हवा. औषधानं माणूस बरं होतं हे दाखवायला. मी दोन दिवस त्यांना गावोगाव फिरवलं, कुणी तयार होईना. एक म्हातारा तर काठी घेऊन उठला. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. डॉक्टर म्हणाले होते, पाहुण्यांना रिकामं पाठवू नका.

मग मी त्यांना तुझ्याकडं आणलं. तुला म्हटलं, "ह्या बायकांना माझ्या बहिणीचा फोटो पाहिजे." तू पदर नीट केलास, गालावर ओढायला लागलीस तर मीच म्हटलं, "राहू दे गं, तशीच चांगली दिसतेस." तू मला विचारलंस, "तुला बी एक देतील न्हवं?" त्यांनी दिला. तोच माझ्या पिशवीत आहे.

तू माझ्याकडं बघून हसत होतीस. कॅमेऱ्यामागं मी उभी होते.

सुला


१९ जून १९८५

आक्का,

हे पत्र घाईत लिहिते. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

काल संध्याकाळी यान खुशीत आला आणि मला एक मोठा कागद दाखवला. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. वर तूच. इथं वाटायचं आहे, आणि पाचशे प्रती आपल्याकडं पाठवायच्या, बेळगाव, चिकोडी, खानापूर, लोंढा, सगळ्या केंद्रांत भिंतीला लावायला. पहिल्या जुलैला छापायला जाणार. म्हणजे डिसेंबरात आपल्याकडं. गौतमी लग्न होऊन बेळगावात गेलेली असेल तेव्हा.

माझ्या डोळ्यांपुढं सारखी एकच भिंत येते. गौतमीचा नवरा कुणा विद्यार्थ्याला घेऊन दवाखान्यात गेला आहे आणि बाकावर बसून वर बघतो आहे.

मी यानला म्हटलं, हे छापू नका. तो म्हणाला, का? दहा वर्षं हा फोटो बघून लोक मदत करतात. हे हसणं बघून करतात. मी म्हटलं, तिला विचारलं नव्हतं. तो उठला. मग आत जाऊन एक फाइल घेऊन आला. शिक्षक तो, सगळं जपून ठेवलेलं. फोटोखाली एक कागद होता, परवानगीचा. त्यावर इंग्रजीत सही होती. माझी. पुढं कंसात 'बहीण'.

एक क्षण वाटलं सांगावं, की ती आता या जगात नाही, आमच्यात गेलेल्या माणसाचा फोटो असा लावत नाहीत. ओठांवर आलं होतं. तुला मारून टाकणार होते, आक्का, इतकं सोपं होतं ते.

मग सांगितलं. सगळं, माझ्या मोडक्या इंग्रजीत. जीप, पदर, सही, पहिला गुरुवार, ट्रंक. यानला एक गोष्ट कळेना. "पण ती तर बरी झाली," म्हणाला, "मग लपवायचं काय?" मी म्हटलं, "रोग बरा झाला. गाव बरं झालं नाही." तो म्हणाला, मला विचार करू दे, चाळीस माणसांचा प्रश्न आहे.

आज सकाळी सगळे निघायच्या तयारीत होते. मी पाठीवरचं कापड सोडून त्याची घडी घातली आणि सायकल भिंतीला टेकवून बसले. यान म्हणाला, "तुम्ही येत नाही?" म्हटलं, "माझ्यापुढं माझी बहीण असेपर्यंत नाही." त्याचा चेहरा लाल झाला. एकजण म्हणाला, लोक वाटेत वाट बघत उभे असतील, त्यांना पाठीवर काय दाखवायचं? दुसरी म्हणाली, हिच्यासाठीच तर आपण सायकल चालवतो. ते आपसात त्यांच्या भाषेत भांडत होते. मला एकच शब्द कळत होता, लक्ष्मी, लक्ष्मी.

ते अजून ठरवताहेत. मी पायरीवर बसून हे लिहिते आहे. परत पाठवलं तर पाठवलं. डॉक्टरांना काय सांगायचं ते विमानात बघेन.

सुला


निपाणी, १२ जुलै १९८५

ती. आक्कास जयभीम.

मी परत आले. पत्राबरोबर एक फोटो आहे, तो आधी बाजूला ठेव, मग वाच.

त्या दिवशी पायरीवर सगळ्यात आधी रीना उठली. तिनं तिचं कापड सोडलं, उलटं केलं आणि तसंच परत बांधलं. चित्र आत, पाठीकडं. बाहेर नुसतं पांढरं. मग एकेकानं केलं. दोघांनी नाही केलं, ते दुसऱ्या रस्त्यानं गेले. यानला सगळ्यात उशीर लागला, पण पाठीमागं त्याचा हात पोचेना म्हणून. गाठ मी बांधून दिली.

अडतीस कोऱ्या पाठी घेऊन आम्ही शेवटपर्यंत गेलो. वाटेत लोक विचारत, चित्र कुठं गेलं? यान हेडमास्तरच्या आवाजात सांगे, "ज्यांचं होतं त्यांनी मागितलं." वारा तसाच होता. मला पहिल्यांदाच पुढचं नीट दिसत होतं.

कॅलेंडर थांबलं. याननं माझ्यासमोर छापखान्यात फोन केला. त्यावर आता माणूसच नाही, एका बांधाला टेकवून ठेवलेल्या आमच्या सायकलींचा फोटो आहे. पण जुनी पत्रकं दहा वर्षांत कुठं कुठं गेली, ती कुणालाच परत आणता येणार नाहीत. हे तुला खोटं सांगणार नाही. ती इथंतिथं कुणाच्या तरी कपाटात राहतील.

निघायच्या दिवशी रीनानं मला मागच्या बाजूच्या तिच्या स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर भिंतीला तू होतीस. दहा वर्षं. ती म्हणाली, बटाटे सोलताना मी हिच्याशी बोलते, हिला माझा सगळा संसार माहीत आहे. मग चारी टाचण्या काढल्या आणि फोटो माझ्या हातात दिला. "हा तिचा आहे," म्हणाली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिला.

तो हा फोटो. चार कोपऱ्यांना चार भोकं आहेत, ती तिच्या टाचण्यांची. माझ्याकडचाही पाठवणार होते, पण तो द्यायला मन झालं नाही. तू मागितलास तर देईन.

जाळ नाहीतर ठेव. तू बोलवावंस म्हणून लिहीत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खोटंच होतं. मला लग्नाला यायचं आहे. मांडवात नको, मागं भांड्यांपाशी उभी राहीन. मावशी म्हणून कुणाला ओळख करून दिली नाहीस तरी चालेल.

तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण नको तरी म्हण.

सुला


गुंजी, ४ ऑगस्ट १९८५

प्रिय सुलामावशीस गौतमीचा जयभीम.

आई सांगते आणि मी लिहिते. ती म्हणते, मी बोलतो तसंच लिही, शाळेतलं मराठी लावू नकोस. म्हणून तसंच लिहिते, इकडच्या बायकांचं 'आलो-गेलो'सुद्धा.

सुला, पत्रं मिळाली. पैली दोन मामानं फळीवर ठेवली व्हती. त्या हॉलंडच्या निळ्या कागदानं घोटाळा केला. पोष्टमन गावभर दाखवत आला, मग फोडल्याबिगर कसं ऱ्हाईल? मग म्हटलं, मागचं बी वाच गं पोरी.

कॅलेंडर थांबिवलंस ते बरं केलंस. माझं तोंड गावोगाव टांगायचं, आणि खाली नाव लक्ष्मी! त्या हेडमास्तराला दुसरं नाव सुचंना व्हय?

पण जावयाचं भ्या तू घेऊ नगं. सोयरिकीच्या पैल्याच बैठकीत मी सांगून टाकलो, मला हा रोग झालता, सहा वर्सं गोळ्या खाल्लो, बरी झालो. दाखला पुढं ठेवलो. पोराच्या बापानं चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "च्या गार व्हतोय, घ्या." एवढंच. ते सदलग्याचं गाव न्हवं, सुला. आणि मी बी आता ती न्हाय.

आता दुसरं. हे नीट ऐक. सायकल दारात लावलीस म्हणून मी तुझ्याशी बोलत न्हाय, असं तू नऊ वर्सं धरून बसलीयास? अगं खुळे. दर पैल्या बेस्तरवारी ती सायकल दारात दिसली की मला वाटायचं, माझं बी माणूस हाय. सासूच्या पुढनं ताठ चालायची मी त्या दिवशी. मला भाईर काढलं तवा मी ट्रंकंवर बसून तुझी वाट बघितलो, गौतमी मांडीवर डोस्कं ठिवून झोपली व्हती. सांजपातूर. मग मामाकडं आलो, हितं बी बघितलो. पैल्या बेस्तरवारी सायकल आली. उठून भाईर गेलो, तर यल्लाप्पा. लांब, चिंचंखाली सायकल लावून, चार घरं फिरून आला. तुझ्या नियमापरमानं. पुडी दिली आणि म्हणाला, सुलाबाईंनी सांगितलंय, चुकवू नगा.

चार वर्सं तो चिंचंखालीच लावत व्हता.

फोटूचं मात्र मला पटलं न्हाय. माझ्याच पडवीत माझ्याच तोंडावर खोटं बोललीस, तेबी "तशीच चांगली दिसतेस" म्हणून. त्याचं भांडण आपण लगीन झाल्यावर करू, आता मला येळ न्हाय. फोटू भिंतीला लावलाय. भोकं आयतीच व्हती. त्या रीनाबाईचं काय चाललंय ते कळीव, दहा वर्सं मला सांगत व्हती आणि मला काय बी ठावं न्हाय.

लगीन १७ नवंबरला, रविवार. तू चार दिस आधी ये. भांड्यापाशी हुबी ऱ्हा म्हणून कुणी सांगितलंय तुला? हळद कोण लावणार?

येताना सायकल रेल्वेत घाल, गुंजीला उतर. टेसनापासनं चढ हाय, बसून यायला जाऊ नगं, गुडघा फुटलाय तुझा. उतरून ढकल. वाटंत ती चिंच लागंल. तितं थांबू नगं. सरळ दारात आण.